कामठीचा तांबडा, मनसरचा काळा

कोराडीचा रंग कोणता, असं कुणाही नागपूरकराला विचारा. तो चिमण्यांकडे बोट दाखवून 'राखाडी' म्हणेल. १९७४ साली इथल्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला, आणि तेव्हापासून जगदंबेच्या देवळाइतकीच राखही या गावाच्या नावाला चिकटली. पण याच गावाला मध्य धरून पन्नास-साठ किलोमीटरचं एक वर्तुळ काढलं, तर त्यात सिलेवाड्याचा तांबडा वालुकाश्म येतो, नागपूरजवळच्या टाकळीचा हिरवागार कॅल्साइट येतो, मनसर-कांद्रीचं काळंकुट्ट मँगनीज येतं, रामटेकच्या बाजूचे गुलाबी-जांभळे खडक येतात आणि या सगळ्यांच्या जोडीला कोळसा. इतक्या लहान पट्ट्यात इतके रंग फार ठिकाणी मिळायचे नाहीत. या रंगांच्या मागावर माणसं इथं आली, त्यांवर खाणी आणि कंपन्या उभ्या राहिल्या. हे रंग मुळात येतात कुठून, हे मात्र दगड जहाजांत भरून गेल्यावर पुष्कळ वर्षांनी कळलं.

पहिलं नाव घ्यायचं ते स्टीफन हिस्लॉप यांचं. स्कॉटलंडचे हे मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. तेव्हा भोसल्यांचं राज्य अजून शाबूत होतं आणि कामठीला १८२१ पासून इंग्रजांची छावणी होती. धर्मप्रसार हे त्यांचं काम. छंद मात्र दगड गोळा करण्याचा. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत ते कन्हानच्या काठाने हिंडत. आजच्या कोराडीपासून जवळच असलेल्या सिलेवाड्याच्या खाणींतला दगड बांधकामाला काढला जाई, आणि त्या तांबूस-पिवळ्या दगडाच्या थरांमध्ये हिस्लॉप यांना पानांचे ठसे मिळाले. जिभेच्या आकाराची, मधोमध ठळक शीर असलेली ती ग्लॉसोप्टेरिसची पानं, म्हणजे सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचं जंगल. या दोघांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

टाकळीच्या बाजूला काळ्या पाषाणात त्यांना एक गडद हिरवं खनिज सापडलं. ते डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन यांच्याकडे पृथक्करणासाठी गेलं. हॉटन यांनी १८५९ मध्ये त्याला 'हिस्लोपाइट' असं नाव दिलं आणि तिथल्याच एका मातकट खनिजाला 'हंटराइट'. पुढे हिस्लोपाइट म्हणजे साधं कॅल्साइटच निघालं. कॅल्साइट स्वतः बिनरंगी. त्यात सेलाडोनाइटच्या जातीची हिरवी माती बारीक कणांनी भरलेली होती, एवढंच. हीच हिरवी माती अजिंठ्याच्या चित्रकारांनी रंग म्हणून वापरली, हे हॉटन यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून रात्री परतताना बोरीजवळच्या नाल्याच्या पुरात वाहून गेले. त्यांनी गोंडांच्या परंपरांची जी टिपणं करून ठेवली होती ती रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. दगडांचं काम पुढे विल्यम ब्लॅनफोर्ड यांच्या हाती गेलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या या अधिकाऱ्याने तांबड्या-पिवळ्या वालुकाश्मांच्या थरांना 'कामठी' हे नाव दिलं. भूशास्त्राच्या पुस्तकांत कामठीचं नाव आजही आहे, ते या तांबड्या दगडामुळे.

आता या तांबड्या आणि हिरव्या रंगाची मेख अशी, की दोन्ही लोहाचेच आहेत. एकच मूलद्रव्य, रंग दोन.

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. ४०० कडे जांभळा, ७०० कडे तांबडा. पदार्थातले इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जापातळ्यांवर असतात. खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जायला जेवढी ऊर्जा लागते, नेमक्या तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश ते गिळतात. गिळून उरलेला प्रकाश आपल्याकडे येतो, आणि त्या शिल्लकीला आपण दगडाचा रंग म्हणतो. मीठ, साखर, शुद्ध वाळू यांच्या इलेक्ट्रॉनना हलवायला दृश्य प्रकाशाची ऊर्जा अपुरी पडते, म्हणून ते पांढरे किंवा पारदर्शक. लोह आणि मँगनीज यांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे अर्धवट भरलेल्या आतल्या पातळ्या असतात, आणि तिथल्या हालचालीला लागणारी ऊर्जा नेमकी दृश्य प्रकाशाच्या टप्प्यात येते.

लोहाच्या अणूने तीन इलेक्ट्रॉन गमावले आणि त्याच्याभोवती ऑक्सिजन बसला, की निळा, जांभळा आणि बराचसा हिरवा प्रकाश गिळला जातो; तांबडा उरतो. तो हेमटाइट. त्यात पाणी बांधलं गेलं तर पिवळसर गोएथाइट, ज्याला आपण गेरूच्या खाणीत पिवळी माती म्हणून ओळखतो. कामठीच्या दगडाचे हे दोन्ही रंग वाळूच्या कणांचे नाहीत; वाळूला चिकटवून धरणाऱ्या लोहाच्या पातळ पुटाचे आहेत. सेलाडोनाइटमध्ये मात्र दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह आणि तीन गमावलेलं लोह शेजारीशेजारी बसलेलं असतं. पहिल्याचा एक इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे उडी मारू शकतो, आणि त्या उडीला तांबड्या टोकाचा प्रकाश लागतो. तांबडा गेला, हिरवा-निळा उरला.

म्हणून रंग हा ऑक्सिजनचा जमाखर्चही आहे. कामठी थरांच्या खाली बराकार नावाचे थर आहेत. ते करडे-पांढरे, कारण तिथल्या दलदलीत कुजणाऱ्या झाडपाल्याने ऑक्सिजन संपवून टाकला आणि लोहाला तांबडं व्हायला वाव मिळाला नाही. त्याच झाडपाल्याचा कोळसा झाला. वर तांबडा दगड, खाली करडा दगड, त्यात काळा कोळसा. हिस्लॉप ज्या सिलेवाड्यात पानांचे ठसे शोधत होते, त्याच सिलेवाड्यात पुढे कोळशाची खाण निघाली, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

मँगनीजचं प्रकरण याहून रंगतदार. विसाव्या शतकाच्या तोंडाशी नागपूर जिल्ह्यात मँगनीज काढायला सुरुवात झाली. कारण पोलाद. १८५६ मध्ये बेसेमर यांनी पोलाद स्वस्त करण्याची रीत काढली, पण त्यात मँगनीज घातल्याशिवाय ते ठिसूळ व्हायचं. १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफील्ड यांनी बारा-तेरा टक्के मँगनीज घालून असं पोलाद बनवलं, की ते जितके घाव सोसेल तितकं कठीण होतं. रेल्वेच्या सांध्यांना आणि दगड फोडणाऱ्या यंत्रांना ते हवंच होतं. त्या काळी जगाचा मोठा पुरवठा रशियाच्या ताब्यातल्या कॉकेशसमधून होई. १९०५ च्या क्रांतीत तिथल्या खाणी आणि रेल्वे विस्कळीत झाल्या, भाव चढले, आणि मनसर-कांद्रीच्या टेकड्या एकदम मोलाच्या झाल्या. १९०७ साली भारताचं मँगनीज उत्पादन नऊ लाख टनांच्या घरात गेलं आणि त्यातला मोठा वाटा मध्य प्रांताचा होता.

या धांदलीत ल्युईस ली फर्मोर नावाचा तरुण भूशास्त्रज्ञ इथं पोहोचला. १८८० चा जन्म, १९०२ मध्ये सर्वेक्षणात नोकरी. त्यांनी नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा पायाखाली घातला आणि १९०९ मध्ये 'भारतातील मँगनीजचे साठे' हा हजारावर पानांचा ग्रंथ सरकारच्या हवाली केला. मँगनीजबद्दल लिहिणाऱ्याला आजही त्याला वळसा घालून जाता येत नाही. पुढे ते सर्वेक्षणाचे संचालक झाले, 'सर' झाले. पण त्यांचं खरं काम या तीस वर्षांच्या आतल्या वयातलंच.

फर्मोर यांच्यापुढचा पेच समजण्यासारखा आहे. धातुक काळं. ते तोडून विकायला रसायनशास्त्र लागत नाही. वजनदार, काळं, हाताला काजळी लागणारं, एवढं पुरे. खाणीवरच्या बाया हातोडीने दगड फोडून, नजरेने आणि वजनाच्या अंदाजाने चांगला माल बाजूला काढत. पण या काळ्या मालाच्या अवतीभवती खडक होते ते भलत्याच रंगांचे. गारेत नारिंगी-पिवळे गार्नेट. संगमरवरात लालसर जांभळं पिमोंटाइट. गुलाबी ऱ्होडोनाइट. रामटेक तालुक्यातल्या काचुरवाहीला तर पायरॉक्सीन जातीचं एक खनिज असं मिळालं, की त्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली फिरवली की रंग बदले. एका बाजूने गुलाबी, दुसऱ्या बाजूने निळसर जांभळी, तिसऱ्या बाजूने आकाशी. फर्मोर यांनी त्याला ब्लॅनफोर्ड यांच्या स्मरणार्थ 'ब्लॅनफोर्डाइट' नाव दिलं. बेलडोंगरीच्या नावाने 'बेलडोंग्राइट', छिंदवाड्याकडच्या सीतापारच्या नावाने 'सीतापाराइट', झाबुआकडच्या खनिजांना 'हॉलंडाइट' आणि 'विंचाइट'. नारिंगी गार्नेट आणि गार यांच्या खडकाला त्यांनी 'गोंडाइट' म्हटलं, या मुलुखात राहणाऱ्या गोंडांवरून. खडकाला गोंडांचं नाव लागलं. खाणपट्टे लागले ते सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटसारख्या कंपन्यांच्या नावावर.

फर्मोर यांच्या वर्णनांत रंग बारकाईने नोंदलेले आहेत. कारण मात्र त्यांना देता आलं नसतं, कारण ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. अणूत इलेक्ट्रॉनच्या पातळ्या असतात हे नील्स बोर यांनी १९१३ मध्ये मांडलं. स्फटिकात शेजारच्या अणूंमुळे त्या पातळ्या फाटतात, हे हान्स बेथे यांनी दाखवलं १९२९ मध्ये, म्हणजे फर्मोर यांच्या ग्रंथानंतर बरोबर वीस वर्षांनी. अमेरिकेत जॉन व्हॅन व्ह्लेक यांनी ते पुढे नेलं. रसायनशास्त्रज्ञांनी ते मनावर घेतलं १९५० नंतर. म्हणजे काचुरवाहीच्या गुलाबी-आकाशी चकतीचं उत्तर मिळेपर्यंत इंग्रज देशातून गेले होते.

ते उत्तर असं. मँगनीजच्या अणूत डी-प्रकारच्या पाच जागा असतात. एखाद्या वाड्यातल्या पाच खोल्या समजा. एकट्या अणूत पाचही खोल्यांचं भाडं सारखं. भोवती ऑक्सिजनचे अणू येऊन बसले की दोन खोल्या महाग होतात आणि तीन स्वस्त. स्वस्त खोलीतला भाडेकरू महागड्या खोलीत जायचा तर मधला फरक भरावा लागतो, आणि तो फरक तो प्रकाशातून भरतो. आता मँगनीजने दोन इलेक्ट्रॉन गमावले असतील तर पाच खोल्यांत पाच भाडेकरू उरतात, प्रत्येकी एक, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. कुणी हलायचं म्हटलं तर दुसऱ्याच्या खोलीत शिरावं लागतं, आणि त्यासाठी तोंड उलटं फिरवावं लागतं. पुंजयांत्रिकी याला सहसा परवानगी देत नाही. म्हणून असं मँगनीज फार थोडा प्रकाश गिळतं आणि त्याचे रंग फिके असतात. ऱ्होडोनाइटची गुलाबी, गोंडाइटमधल्या गार्नेटची नारिंगी ही त्या नाइलाजाच्या, चोरट्या स्थलांतरांची कमाई.

तीन इलेक्ट्रॉन गेले की वाड्यात चारच भाडेकरू राहतात आणि एक महागडी खोली रिकामी पडते. आता हलायला कुणाची आडकाठी नाही. रंग एकदम गडद होतो. पिमोंटाइटचं लालसर जांभळेपण हे त्याचं. ब्लॅनफोर्डाइटमध्ये असं मँगनीज अगदी थोडं असतं, पण तेवढं पुरतं. शिवाय त्याच्याभोवतीचा ऑक्सिजनचा पिंजरा वेडावाकडा असल्यामुळे स्फटिक ज्या दिशेने धरावा तसा वेगळा प्रकाश गिळला जातो. चकती फिरली की रंग बदलतो, ते यामुळे.

चार इलेक्ट्रॉन गमावलेलं मँगनीज म्हणजे पायरोलुसाइट, आणि ते काळं. तिथं एकेका अणूचा हिशेब लावता येत नाही. असंख्य अणूंच्या पातळ्या मिळून रुंद पट्टे बनतात, आणि दोन पट्ट्यांमधली फट इतकी लहान असते, की दृश्य प्रकाशातला कुठलाही रंग ती पार करायला पुरतो. सगळेच गिळले जातात. कोळसा काळा असण्याचं कारणही याच घराण्यातलं.

सात गमावले तर? मग वाडा ओस. नियमाप्रमाणे रंगच नको. प्रत्यक्षात मँगनीजचा सगळ्यात गडद रंग तोच, पोटॅशियम परमँगनेटचा. इथं शेजारच्या ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन मोकळ्या जागेत उडी घेतो, आणि या उडीला कसलीच मनाई नसते. हिरवा प्रकाश जातो, जांभळा उरतो. फिक्या गुलाबी मँगनीज क्षारापेक्षा हा रंग सुमारे लाखपट तीव्र असतो. चिमूटभर पूड बादलीभर पाणी रंगवते ती उगाच नाही.

हा जांभळा रंग विदर्भाच्या खेड्यांनी प्रयोगशाळेत पाहिला नाही, विहिरीत पाहिला. १८९० च्या दशकात आग्र्याचे रासायनिक परीक्षक अर्नेस्ट हॅन्किन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला, आणि ही रीत देशभर पसरली. पावसाळ्याच्या तोंडाशी आरोग्य खात्याचा माणूस येणार, बादलीत 'लाल औषध' कालवून विहिरीत सोडणार आणि पाणी दिवसभर गुलाबी दिसणार, हे जुन्या पिढीने पाहिलेलं आहे. या औषधाची गंमत अशी, की मापही त्यातच असे. गुलाबी छटा काही तास टिकली तर मात्रा पुरेशी. पाणी लवकर तपकिरी झालं तर विहिरीत घाण जास्त. परमँगनेटमधल्या मँगनीजने घाणीकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतले आणि ते पुन्हा खाणीतल्या काळ्या-तपकिरी ऑक्साइडच्या रूपाला आलं. ना मीटर, ना तपासणी. नळाच्या क्लोरिनने ही सोय घालवली.

याच मँगनीजच्या व्यवसायात कामठीचे डी. लक्ष्मीनारायण होते. खाणींतून त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. १९३० मध्ये त्यांच्या इच्छापत्रातून नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये मिळाले, ते उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. त्या काळचे ३५ लाख! मंदिर, धर्मशाळा, घाट हे दानाचे मळलेले रस्ते मोकळे असताना कामठीच्या एका खाणमालकाला रसायनशास्त्र सुचावं, हे या सगळ्या इतिहासातलं मला सर्वांत विलक्षण वाटणारं पान आहे.

ते सुचायला कारणं होती. दगड कच्चा जातो आणि पक्का होऊन परत येतो, हे खाणवाल्याइतकं कुणाला कळणार? शिवाय रंगाचं रसायन हाती असलेला देश काय करू शकतो, हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडाने आधीच भोगलं होतं. इथं आल नावाच्या झाडाची लागवड होत असे. आलाच्या मुळांपासून तांबडा रंग निघे, तुरटी लावलेल्या सुती कापडावर तो पक्का बसे, आणि त्यावर शेतकऱ्यांची आणि रंगाऱ्यांची घरं चालत. १८६८ साली ग्रेबे आणि लिबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ॲलिझरिन हा तांबडा रंग डांबरातून काढलेल्या द्रव्यापासून बनवून दाखवला. पाठोपाठ कारखान्यातला स्वस्त रंग बाजारात आला, आणि एका पिढीच्या आतबाहेर आलाची शेती उठली. लक्ष्मीनारायण यांच्या मनात नेमकं हेच होतं असं म्हणायला माझ्याकडे कागद नाही. पण १९३० साली नागपूर-कामठीच्या बाजारात वावरणाऱ्याला ते दिसत नसेल, हे पटत नाही.

त्यांच्या पैशातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली, नागपूरकरांची एलआयटी. तेल, कागद, अन्न, पेट्रोरसायनं यांच्या जोडीने रंग आणि लेपांचं तंत्रज्ञानही तिथं शिकवलं जाऊ लागलं. देशातल्या रंगकारखान्यांत एलआयटीची माणसं भेटतात ती यामुळे. २०२३ मध्ये संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. खाणींचं काय झालं तेही सांगायला हवं. इंग्रजी कंपनी स्वातंत्र्यानंतरही टिकून होती. १९६२ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारांच्या भागीदारीत मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड स्थापन झाली आणि १९७७ मध्ये उरलेला परदेशी हिस्साही सरकारने घेतला. आजची 'मॉइल' ती हीच. मुख्यालय नागपुरात. मनसर, कांद्री, गुमगाव, बेलडोंगरी, चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणी तिच्याकडे आहेत.

आता पुन्हा कोराडी. भारतीय कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते; म्हणजे गाडीभर कोळसा जाळला की तिसरा हिस्सा मागे उरतो. भट्टीत चौदाशे अंशांच्या आसपास त्यातली माती वितळते आणि काचेच्या सूक्ष्म गोळ्या बनून धुराबरोबर वर उडते. यंत्रं ती पकडतात. सिलिका, ॲल्युमिना आणि थोडं लोह, एवढाच तिचा ऐवज. पहिली दोन बिनरंगी. करडेपणा येतो न जळलेल्या कार्बनच्या कणांतून आणि लोहातून. इथलं काही लोह मॅग्नेटाइटच्या रूपात असतं. त्यात दोन आणि तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह एकत्र नांदतं आणि इलेक्ट्रॉन त्यांच्यात इतके मोकळेपणाने ये-जा करतात, की सगळाच प्रकाश गिळला जातो. तेच लोह कन्हानकाठच्या वीटभट्टीत भरपूर हवेत भाजलं गेलं तर विटेला तांबडा रंग देतं. घाईने भाजलेली वीट फोडून पाहिली तर बाहेर तांबडी आणि आत काळसर गाभा दिसतो. हवा तिथवर पोहोचलेली नसते. राखेची वीट भाजत नाहीत, सिमेंट किंवा चुन्याने बांधतात. म्हणून ती जन्मभर करडी.

चिमणीवरच्या पांढऱ्या लोटाचा रंग मात्र रसायनाचा नाही. तिथं पाण्याचे बारीक थेंब सगळ्या तरंगलांब्या सारख्याच विखुरतात. विखुरण्याच्या या शास्त्रात ज्यांनी नाव काढलं ते चंद्रशेखर वेंकट रामन १९१० च्या सुमारास नागपूरच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरीला होते. फर्मोर यांचा ग्रंथ तेव्हा छापून ताजा होता.

राखेचा रंग इथल्या लोकांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. २०२२ च्या जुलैत वीजकेंद्राच्या खसाळ्यातल्या राखतळ्याचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत पसरलं. पुढच्याच वर्षी इथं आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर जनसुनावणी झाली. तिसरा हिस्सा राख ठेवणारा कोळसा किती जाळायचा, हा प्रश्न विजेच्या हिशेबाइतकाच जागेचाही आहे, आणि माझ्या मते तो हिशेब कोराडीत अजून नीट मांडला गेलेला नाही.

कोराडीच्या देवळासमोरच्या कुंकवाने लोह आणि मँगनीज दोघांनाही बाजूला ठेवलं आहे. जुन्या रीतीचं कुंकू हळदीचं. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून ते करत. हळदीतलं कुर्क्युमिन म्हणजे कार्बनची लांब साखळी, जिच्यात एकाआड एक दुहेरी बंध असतात. तिच्यावरचे इलेक्ट्रॉन साखळीभर पसरलेले असतात आणि निळा प्रकाश गिळतात, म्हणून हळद पिवळी. टाकणखारातला बोरॉन तिला चिकटला, की इलेक्ट्रॉनना आणखी मोकळीक मिळते, गिळला जाणारा प्रकाश हिरव्याकडे सरकतो आणि पिवळ्याचं तांबडं होतं. आज बाजारात मिळणारं बरंचसं कुंकू कारखान्यातल्या रंगाचं असतं. खरं-खोटं पाहायचं असेल तर चिमूटभर कुंकू सोड्याच्या आणि लिंबाच्या पाण्यात वेगवेगळं टाकून बघावं. हळदीचं असेल तर दोन्हीकडे ते वेगळं वागतं.

फर्मोर यांनी ठेवलेल्या नावांपैकी पुष्कळ आता गळाली आहेत. सीतापाराइट हे आधीच ठाऊक असलेलं बिक्सबाइट निघालं. ब्लॅनफोर्डाइटला स्वतंत्र खनिज मानत नाहीत. चिमूटभर मँगनीजने वेगळा रंग दिला म्हणून खनिज वेगळं होत नाही, असा निकाल पुढच्या पिढीने दिला, आणि तो रास्त आहे. हॉलंडाइट आणि विंचाइट टिकली. गोंडाइटही टिकला, अगदी ब्राझील आणि घानाच्या मँगनीज खडकांच्या वर्णनापर्यंत पोहोचला.

रामटेकला जाल तेव्हा मनसरच्या आसपास रस्त्याच्या कडेला पडलेला एखादा काळा, वजनदार खडा उचलून पाहा. घरी आल्यावर फरशीच्या टाइलच्या पाठीवर, जिथं चकाकी नसते तिथं, तो घासा. रेघ तांबडी उमटली तर हेमटाइट; काळी किंवा काळपट तपकिरी उमटली तर बहुधा मँगनीज. दगडाचा वरचा रंग फसवतो, रेघेचा सहसा नाही. खाणीच्या कुंपणाच्या आतलं मात्र काही उचलू नका. तिथला प्रत्येक खडा सरकारी मालकीचा आहे.